कुरोसावांनी युद्धातल्या जपानला निर्दोष ठरवलं?

‘अकिरा कुरोसावा म्हातारपणी नुसते हळवे झाले, ‘रान’ (१९८५) या चित्रपटानंतर सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि युद्धावर बोलले ते जपान किती बिचारा एवढंच.’ या जपानी दिग्दर्शकाबद्दलचा हा मजकूर सध्या सोलापुरातल्या सिनेमावेड्यांमध्ये जोरात फिरतोय. शेवटी कुणीतरी जोडलंय, ‘डॉ. कोटणीसांच्या गावाने या माणसाचं कौतुक का करावं?’ ते मला लागलं, म्हणून हे लिहितेय.

कोटणीसांपासूनच सुरुवात करते. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. कुरोसावाही १९१०चेच, टोकियोतले. जपानने चीनवर चढाई केली, तेव्हा १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून कोटणीस तिकडे गेले आणि ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. त्याच युद्धात कुरोसावांनी भिंगांच्या कारखान्यातल्या मुलींवर केलेला १९४४चा चित्रपट सरळसरळ सरकारी प्रचाराचा होता. पण हे त्यांनी झाकलं नाही. लष्करशाहीला विरोध करण्याचं धैर्य आपल्यात नव्हतं, असं आत्मचरित्रात त्यांनीच लिहून ठेवलंय.

‘ड्रीम्स’मध्ये (१९९०) बोगद्याचं एक स्वप्न आहे. कैदेतून सुटलेला अधिकारी एकटाच घरी निघालाय. मागून बोगद्यातून निळसर चेहऱ्याचा शिपाई येतो. आपण मेलोय हे त्याला पटतच नाही. दूरवर लुकलुकणारा दिवा दाखवून तो म्हणतो, ते माझं घर. मग अख्खी तुकडीच बाहेर येऊन उभी राहते. युद्धावर नाहीतर वरिष्ठांवर खापर फोडून अधिकाऱ्याला सुटता आलं असतं. तो तसं करत नाही. तुम्हाला मरणाच्या दारात मीच धाडलं, असं कबूल करतो आणि त्याच मेलेल्या पोरांना माघारी फिरायचा हुकूम देतो. स्वतःला बिचारं म्हणवून घेणारा माणूस असा प्रसंग लिहीलच कशाला?

एक मात्र मान्य करते. या शेवटच्या चित्रपटांत चीनचं गाव नाही, चिनी मृत नाहीत. सोलापूरकराला ते जास्तच खुपतं, खुपायलाच हवं. पण न दाखवणं वेगळं आणि निर्दोष ठरवणं वेगळं.

‘रॅप्सडी इन ऑगस्ट’वर (१९९१) अमेरिकेतही ओरड झाली, की पर्ल हार्बरवरचा जपानचा हल्ला विसरले आणि अमेरिकन नट रिचर्ड गेअरला माफी मागायला लावली. त्यातला क्लार्क, म्हणजे गेअरचं पात्र, माफी मागतो, पण आत्याचे यजमान नागासाकीत बॉम्बने गेले हे घरच्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, याची. आणि तीच आत्या, चित्रपटातली आजी, म्हणते, आता अमेरिकेवर राग नाही की लोभ नाही, दोष युद्धाचा.

‘रान’ तरी नीट पाहिलाय का, अशी शंका येते. त्यातला म्हातारा हिदेतोरा स्वतःच आक्रमक. मुलांनी हाकलल्यावर आसरा मिळतो तो एका आंधळ्या तरुणाच्या झोपडीत, आणि त्याचे डोळे यानेच काढवलेले असतात. ७५व्या वर्षी कुरोसावा म्हातारपण असं दाखवत होते.

राहिला ‘मादादायो’ (१९९३), अखेरचा. हळवा आहेच. मांजर हरवल्याचा भाग लांबतोही. पण हवाई हल्ल्यात घर जळून खोपटात राहायची वेळ आली तरी विनोद करणारा मास्तर मांजर गेल्यावर जेवेनासा होतो, हे मी तरी दुसऱ्या कुठल्या युद्धाच्या चित्रपटात पाहिलेलं नाही.