रॅकला जागा? जिन्याखाली आहे की!

पतसंस्थेच्या नव्या शाखेचं काम काढलंत, अभिनंदन. आता क्रम चुकवू नका. आधी चेअरमनसाहेबांची केबिन, मग काउंटर, मग फॉल्स सीलिंग, मग रंग. नेटवर्कच्या रॅकचा, म्हणजे स्विच-राउटर बसवायच्या लोखंडी कपाटाचा, विषय उद्घाटनाला दोन दिवस उरले की काढायचा. तोवर जी जागा कोणालाच नको असेल, ती रॅकची. ती बहुधा जिन्याखाली सापडते. फडा, बादली आणि जुन्या पावतीपुस्तकांची पोती तिथे आधीच सुखाने नांदत असतात. वरच्या मजल्यावर शौचालय असेल तर सोन्याहून पिवळं. स्लॅब पाझरला की पहिला थेंब नेटवर्कच्या स्विचवर पडतो आणि प्लंबरला गळतीची जागा शोधत बसावं लागत नाही.

टेप लावू नका, अपशकुन होतो. रॅकची उंची ‘यू’त मोजतात. एक यू म्हणजे 44.45 मिलिमीटर, म्हणजे 42 यूचे झाले 1867. त्यात पाया, चाकं आणि टप धरला की दोन मीटर उंची झाली. हे गणित टेम्पोतून रॅक उतरवताना, जिन्याच्या उतरत्या छताकडे बघत करायचं असतं.

स्विचबोर्डापुढे निदान एक मीटर मोकळी जागा सोडा, असं विद्युत सुरक्षा नियम सांगतात. बोर्डामागे उघडी जोडणी असेल तर मागची फट एकतर 20 सेंटिमीटरहून कमी हवी, नाहीतर 75 हून जास्त. अधल्यामधल्या फटीत माणूस कसाबसा शिरतो, पण शॉक बसला तर त्याला निसटता येत नाही, म्हणून हा आकडा. तुम्ही बरोब्बर 45 सोडा. जुन्या फायली उभ्या बसतात.

अर्थिंगवर मात्र मन लावून काम करा. खड्डा इमारतीपासून दीड मीटर लांब, पाइप किंवा प्लेट, कोळसा-मीठ, वरून पाणी घालायला नरसाळं, एवढा व्याप कोण करणार? वायरमनला सांगा, सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनेला मारून दे. टेस्टर लावून तो ‘अर्थिंग ओके’ म्हणेल, आणि त्या घडीला ते खरंही वाटेल. पुढे कधीतरी बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू ढिला होईल, त्या दिवशी रॅकच्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतील. तोवर बिलात अर्थिंगचे पैसे लावून झालेले असतात.

दुसरा प्रकार जास्त चालतो. नव्या बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असते, म्हणजे करंट अर्थमध्ये गळला की वीज तोडणारी कळ. प्रत्येक एसएमपीएस, म्हणजे यंत्रातला वीजपुरवठ्याचा डबा, आपल्या फिल्टरमधून अर्थमध्ये थोडा करंट सोडतो, साधारण मिलिअँपिअरभर. एका आरसीसीबीवर वीसेक यंत्रं टांगली की ती पडायला लागते, कारण तिला 15 ते 30 च्या मध्ये कुठेही पडायची मुभा आहे. पावसाळी दमट हवेत तर जरा लवकरच. उपाय सोपा आहे: लोड दोन-तीन सर्किटांत वाटायचा, प्रत्येकाला वेगळी आरसीसीबी. पण त्याला वायर लागते. त्यापेक्षा पक्कड घ्या आणि थ्री-पिन टॉपची अर्थची जाड पिन उपटून टाका. आरसीसीबी पुन्हा पडणार नाही, कारण करंटला जायला वाटच उरली नाही. आता पत्रा साधारण 115 व्होल्टवर तरंगत राहील. हात लावला की झिणझिण्या येतील. घाबरू नका, शिपायाला पायात चप्पल घालायला सांगा.

केबलचं काय, ती कुठूनही न्या. भिंतीतली 90 मीटर आणि दोन्ही टोकांचे पॅचकॉर्ड, म्हणजे यंत्राला जोडायचे तुकडे, मिळून 10, अशी हद्द आहे. तुमची 130 भरली तर मध्ये एक स्विच छताच्या पोकळीत झोपवा. डेटाची केबल आणि पंख्याची वायर एकाच केसिंग-पट्टीत घाला, दोघींची सोबत होते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते. तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज दिली की ती तापते, ते हिवाळ्यात बरंच वाटतं.

आगीसाठी लाल नळकांडं हवंच. पावडरचं घ्या. ती आग विझवते आणि ओलीचा हात लागला की वाचलेल्या सर्किटबोर्डांनाही खाते, त्यामुळे विम्याचा दावा घसघशीत होतो. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं मागे अवशेष ठेवत नाही, मग दाखवणार काय? आणि जानेवारी-जुलैत अग्निशमनाचा ‘बी’ फॉर्म, म्हणजे यंत्रणा ठाकठीक असल्याचा दाखला, भरायचा असतो, तेव्हा नळकांड्याला हार घालून फोटो काढा.

राहिला एसी. दीड किलोवॅटचा रॅक असेल तर अर्धा टन थंडाव्यातच भागतं, त्यामुळे एक टनाचा घेतलात तर कोणी नावं ठेवणार नाही. नेमका रॅकच्या डोक्यावर बसवा, तुंबलेल्या ड्रेनचं पाणीही कामी येईल. तो यूपीएसवर मुळीच घेऊ नका. लाइट गेली की रॅक बॅटरीवर चालू राहतो, एसी बंद होतो. लाइट आली तरी एसी रिमोटची वाट बघत बसतो. तापमान दर दहा अंश वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, हे त्याच्या गावी नसतं. रिमोट शिपायाच्या खणात, खणाला कुलूप, आणि आज चौथा शनिवार. सोमवारी साडेदहाला काउंटरवरून विचारणा होईलच, “साहेब, नेट स्लो आहे का हो आज?”