खुलासा : ॲडम स्मिथ आणि ‘सरकारने काहीच करू नये’ हा संदेश

अठराव्या शतकातील स्कॉटिश अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली ‘सरकारने आर्थिक व्यवहारांत काहीही करू नये, अदृश्य हात सर्व सांभाळतो, हेच खरे स्वातंत्र्य’ असा सिद्धांत मांडला, असे सांगणारा संदेश सध्या फिरत आहे. मीही तो पडताळणी न करता पुढे पाठवला होता. म्हणून हा खुलासा.

स्मिथ यांचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा ग्रंथ मुळातून वाचला असता वेगळे चित्र दिसते. त्या विस्तृत ग्रंथात ‘अदृश्य हात’ (प्रत्येकजण स्वतःचा फायदा पाहत असताना नकळत समाजाचेही हित साधले जाते, ही कल्पना) हा शब्दप्रयोग केवळ एकदाच, आयातीवरील निर्बंधांच्या चर्चेत, आला आहे. राज्यसंस्थेची तीन कर्तव्ये त्यांनी स्पष्ट सांगितली आहेत : संरक्षण, न्यायदान आणि खाजगी व्यक्तींना परवडणार नाहीत अशी सार्वजनिक कामे. व्याजदरावर कायदेशीर मर्यादा असावी, असेही त्यांचे मत होते, आणि हे अनेकांना अनपेक्षित वाटेल.

स्वातंत्र्याचा धागा मात्र खोटा नाही. आपल्या श्रमावरील मालकी ही माणसाची सर्वांत पवित्र मालमत्ता आहे, असे ते मानत. म्हणूनच गरीब मजुरांना एका पॅरिशमधून (चर्चच्या हद्दीवर आधारित स्थानिक विभागातून) दुसऱ्या पॅरिशमध्ये स्थायिक होऊ न देणाऱ्या इंग्लंडमधील कायद्यांवर आणि धंदा शिकण्यासाठीच्या उमेदवारीच्या (शिकाऊ कामाच्या) दीर्घ सक्तीवर त्यांनी कठोर टीका केली. तितकाच अविश्वास त्यांनी एकत्र येऊन किमती वाढवणाऱ्या व्यापाऱ्यांविषयीही व्यक्त केला आहे.

तेव्हा मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि आधी पाठवला असल्यास तेथे ही दुरुस्ती कळवावी.