पंक्चर का, भाऊ?

आमच्या सोसायटीत दातांचे एक डॉक्टर राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी माझी अक्कलदाढ काढली. इंजेक्शन देताना म्हणाले होते, "मुंगी चावल्यासारखं वाटेल." ती मुंगी कुठल्या वारुळातली असावी, याचा विचार मी पुढचे दोन दिवस गालाला बर्फ लावून करत होतो.

त्यामुळे यंदाच्या दिवाळीत माझ्या हातातल्या तिसऱ्या करंजीकडे बघत ते जेव्हा म्हणाले, "रविवारी चला माझ्याबरोबर सायकलवर. गिरणाऱ्याच्या पुढे. नदीचं खोरं, थोडं जंगल, बारक्या टेकड्या. तुम्हाला कळणारसुद्धा नाही," तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं. आवाज अगदी तोच होता. पण अक्कलदाढ त्यांच्याचकडे राहिलेली.

नाशिकच्या डॉक्टरमंडळींचं सायकलवेड हा वेगळाच विषय आहे. 2015 साली इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस ॲक्रॉस अमेरिका' पुरी केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, आळीपाळीने सायकल मारत, नऊ दिवसांच्या आत. मोठीच गोष्ट, शंका नाही. पण तेव्हापासून आमच्या भागात ब्लडप्रेशर तपासायला गेलेला माणूससुद्धा सायकलचा सल्ला घेऊनच बाहेर येतो.

माउंटन बाइक माझ्याकडे होती. लॉकडाऊनमध्ये घेतलेली, 42 हजारांची. घरी सांगितलेला आकडा 16 हजार. बाल्कनीत उभी असायची आणि तिच्या हँडलवर टॉवेल छान वाळायचे. चाकं 29 इंची, पुढे तीन चकत्या, मागे सात, म्हणजे 21 गिअर. त्यातले निम्मे एकमेकांचे जुळे भाऊ असतात, हे दुकानात कुणी सांगत नाही. डॉक्टरांनी आत गादी शिवलेली एक चड्डीही घ्यायला लावली. ती घालून मी हॉलमधून जाताना मुलीने मोबाइलवरून नजर वर केली, एकच शब्द उच्चारला आणि पुन्हा खाली घातली. शब्द 'डायपर' असा होता.

रविवारी पहाटे साडेपाचला गंगापूर रोडला लागलो. जाड गुठळ्यांचे टायर डांबरावर घरघंटीसारखा आवाज करतात आणि पीठ आपलं पडतं. आनंदवलीच्या आधीच लसूणघासाचा भारा लादलेल्या साध्या सायकलवरून एक आजोबा मला मागे टाकून गेले. जाताना हातही केला. आनंदवलीला नवश्या गणपतीच्या दिशेने मी मनातल्या मनात हात जोडले आणि नवस बोललो: देवा, चेन तुटू दे, घरी जाऊ दे, पेढे ठेवीन. देव त्या वेळी बहुधा काकड आरतीत होता.

सोमेश्वरचा धबधबा मागे पडला. त्याला दूधसागर म्हणतात. पावसाळ्यात तो खरं तर चहासागर असतो, पण नाव ठेवणाऱ्याने उन्हाळ्यात ठेवलं असावं. मग गंगापूर गाव, पुढे धरणाचं पाणी, धुकं, द्राक्षाच्या बागा. छाटणी होऊन नुकते कोंब फुटलेले. इथपर्यंत, खोटं कशाला बोलू, मजा आली. दुगावच्या पुढे तर मी एका हाताने सायकल चालवत दुसऱ्या हाताने फोटोसुद्धा काढला. गिरणाऱ्यात चहा झाला. तिथून धोंडेगावच्या बाजूला वळलो, काश्यपी धरणाच्या अंगाने एक बैलगाडीची वाट धरली, आणि डॉक्टर म्हणाले, "आता एक छोटासा चढ."

छोटासा. या माणसाचं माप जबड्याच्या आतलं आहे.

चढाचा नियम असा की गिअर चढ यायच्या आधी उतरवायचा. पुढची सगळ्यात लहान चकती, मागची सगळ्यात मोठी. चढ आल्यावर, पायात जीव एकवटलेला असताना खटका ओढला की चेन कडकड दात खाते आणि तुम्ही जागच्या जागी उभे राहता. मी नियम पाळला, पण उलटा. मागची मोठी चकती म्हणून पुढची मोठी लावली. तीन पायडल मारले, चौथ्याला सायकलने नकार दिला. उतरलो. डॉक्टर तोपर्यंत वळणापलीकडे गडप. मोबाइलला रेंज नाही. नाशिककर गोदावरीचा पूर ज्याच्यावरून मोजतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत माझा घाम आला होता आणि अजून विसर्ग चालूच होता.

आता खेड्यात कुणी सायकल हातात धरून चालताना दिसला की लोक एकच प्रश्न विचारतात. भात सोंगणाऱ्या एका मावशींनी कंबर सरळ करत विचारलं, "पंक्चर का, भाऊ?"

मी काय सांगणार? हेल्मेट, गॉगल, गादीची चड्डी, 21 गिअर, आणि दम लागलाय? म्हटलं, "हो ना."

पुढच्या वावरातून तोच प्रश्न. तेच उत्तर. तिसऱ्यांदा तर मी विचारायच्या आधीच "पंक्चर, पंक्चर" म्हणत निघालो. असं करत करत चढ संपायला आला आणि एका घरापुढे बसलेले एक बाबा उठून थेट रस्त्यावर आले.

"पंक्चर?"

"हो बाबा."

"मंग थांबा की. नातू काढतो. पैसे नका देऊ."

"नको नको, पुढे मित्र आहेत."

"अहो, इथून पुढं गिरणाऱ्याशिवाय दुकान न्हाई, आन गिरणारं तर मागं राहिलं," असं म्हणत त्यांनी पुढचा टायर अंगठ्याने दाबला. मग मागचा. मग पुन्हा पुढचा. दोन्ही दगडासारखे. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चड्डीपाशी जरा जास्त वेळ.

"हवा तर टाईट आहे," ते म्हणाले. "म्हंजे पंक्चर तुम्ही झालाय."

आतून आजींचा हसण्याचा आवाज आला. तांब्याभर पाणी आलं. गाडी केवढ्याला, असं बाबांनी विचारलं. मी सवयीने 16 सांगितले. "मोटार न्हाई, घंटी न्हाई, कॅरेज न्हाई, आन 16 हजार?" खरा आकडा सांगितला असता तर त्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं असतं.

वर पोचलो. समोर खोरं पसरलेलं, खाली काश्यपीचं पाणी, साग उन्हात तांबूस व्हायला लागलेला. डॉक्टर केळं खात उभे. "आता सगळा उतारच," म्हणाले. उतरताना पायडल आडवे ठेवायचे, बूड सीटच्या मागे न्यायचं, पुढचा ब्रेक हळूच, आणि मुख्य म्हणजे दगडाकडे बघायचं नाही. नजर जिथे, चाक तिथे. वाटेकडे बघा, असं त्यांनी दोनदा बजावलं. आता मला सांगा, 'दगडाकडे बघू नका' म्हटल्यावर माणूस दुसरं काय बघतो? पहिला दगड मी पाहिला, चाकानेही पाहिला. तिथून आम्ही दोघे घाणेरीच्या झुडपात गेलो. ते मऊ असतं असा माझा समज होता. अंगाला काही फारसं झालं नाही. मोज्यांना मात्र इतकी कुसळं लागली की घरी आल्यावर बायकोने ते चिमट्याने उचलले.

सायकल ओढून बाहेर काढली तर मागून फुस्स. नवश्या गणपती पावला होता. उशिरा आणि अर्धवट, पण पावला. डॉक्टर खाली ठिपक्याएवढे झालेले. हाक त्यांच्यापर्यंत जाईना.

माझ्या पिशवीत पंप होता. ट्यूबला लावला आणि मारायला लागलो. दहा मिनिटं मारला. हात दुखले, टायर चपटाच. शेवटी सायकल ढकलत परत वर. बाबांचं घर दिसताच मी लांबूनच ओरडलो, "बाबा, आता खरंच पंक्चर!"

"हां, हां," ते ओट्यावरून म्हणाले. "या, पाणी प्या."

टायर स्वतः दाबून पाहिल्यावर त्यांनी नातवाला हाक मारली. चौथी-पाचवीतला असेल. त्याने दोन चमच्यांनी टायर सोडवला, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे दिसले तिथे बोट ठेवलं. काचकागदाने घासून सोल्युशन लावलं, ते जरा सुकू दिलं, मग ठिगळ दाबलं. मी लगेच ट्यूब आत घालायला निघालो तर बाबांनी हात धरला. टायरच्या आतून बोट फिरवत फिरवत त्यांनी बाभळीचा काटा उपटून काढला, चांगला बोटाच्या पेराएवढा. तो तसाच राहिला असता तर पुढच्या वळणावर मी पुन्हा त्यांच्या ओट्यावर असतो.

आता हवा. मी ऐटीत माझा पंप काढला आणि सांगितलं, "हा बिघडलाय." पोराने व्हॉल्व्हकडे निरखून पाहिलं. साध्या सायकलचा नाही, मोटारसायकलचाही नाही. हा तिसराच, प्रेस्टा म्हणतात त्याला, सुतळीएवढा बारीक, टोकाला इवलीशी चकती.

"काका, हे वरचं फिरतंय," तो म्हणाला. "हे ढिलं नको का करायला?"

त्याने चकती दोन बोटांनी सैल केली, पंप लावला, चार वेळा दाबला आणि टायर फुगायला लागला. मी बाबांकडे पाहिलं नाही. बाबांनीही मोठ्या मनाने गोठ्याकडे पाहिलं. दिवाळीच्या चिवड्याची पुडी पिशवीत होती, ती पोराच्या हातात ठेवली आणि निघालो. मावशींच्या वावरापाशी आलो तेव्हा त्यांनी विळा हलवत विचारलं, "निघालं का पंक्चर?" त्या दिवसातलं माझं एकमेव खरं 'हो' त्यांच्या वाट्याला आलं.

डॉक्टर गिरणाऱ्याच्या फाट्यावर मिसळ मागवून बसले होते. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, पापड, दही. मी गादीवर बसल्यासारखा बसलो. त्या चड्डीचा तेवढाच काय तो उपयोग झाला. ते रस्सा ओरपत म्हणाले, "छान केलंत हो. पुढच्या रविवारी अंजनेरीच्या पायथ्याने जाऊ. एकच छोटा चढ आहे, तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

पावाचा तुकडा हातात तसाच राहिला, आणि मी सवयीने आ वासला.