ओट्यावर राहिलेला भात 'प्रोबायोटिक' होत नाही

'रात्रीचा भात फ्रीजमध्ये नको, ओट्यावरच झाकून ठेवा. चांगले जंतू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात, सकाळी फोडणी दिली की वाईट जंतू मरतात, उरतं ते शुद्ध प्रोबायोटिक.' हा मेसेज फिरत फिरत कोथरूडच्या माझ्या मावशीकडे पोचला आणि तिने तो अमलातही आणला. पंचाहत्तरीच्या काकांना दोन दिवस तोच नाश्ता. म्हणून गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक वाक्य आधी: 'गरम केलं की जंतू मरतात.' मरतात, पण पुढे काय? भातात त्रास देणारा जंतू म्हणजे बॅसिलस सिरियस. हा मातीतला. तांदळाबरोबर तो बीजाणूच्या रूपात, कवच पांघरून घरात येतो आणि भात शिजला तरी काही बीजाणू तगतात. भात कोमट झाला की ते रुजतात. पिष्ट आहे, ओल आहे, ऊब आहे आणि स्पर्धा करणारे बहुतेक जंतू शिजताना मेलेले. वाढता वाढता तो सेरुलाइड नावाचं विष भातात सोडतो. हे विष 121 अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी टिकतं. तिथे पाच मिनिटांची फोडणी काय करणार? वास बदलत नाही, चव बदलत नाही आणि अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

हे माझं मत नाही. इंग्लंडमध्ये 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चायनीज हॉटेलांतला फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडत होते. गिल्बर्ट नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 साली त्यामागचं कारण तपासून प्रसिद्ध केलं. उकडलेला भात रात्रभर बाहेर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी परतायचे. आपल्या फोडणीच्या भाताची रीत वेगळी आहे का? त्या भातात जंतूंची वाढ 30 ते 37 अंशांना सर्वांत जोमाने झाली आणि 15 व 43 अंशांनाही थांबली नाही. डिसेंबरातल्या पुण्यातही झाकलेल्या पातेल्यातला भात तासन्‌तास याच पट्ट्यात असतो.

'20 मिनिटांत दुप्पट' हा वेग आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूचा, तोही प्रयोगशाळेतल्या पौष्टिक द्रावणात, 37 अंशांना. शिवाय दुप्पट होताना 'चांगले' आणि 'वाईट' अशी निवड कोण करतं? ज्याला अन्न आधी वापरता येतं तो वाढतो.

फ्रीजबद्दल एकच. थंडीने जंतू मरतात असं नाही, वाढ मंदावते. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे, तो गोठवून आणि वाळवूनच जिवंत ठेवतात. आपल्याला वाढ रोखायची आहे, तेवढं फ्रीज करतो.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. ओडिशातला पखाळ, बंगालचा पांता भात हे आंबवलेले भातच आहेत. पण तो भात पाण्यात बुडवलेला असतो, हवा कमी पोचते. तिथले लॅक्टिक जंतू, म्हणजे साखरेचं आम्ल करणारे, ग्लुकोजच्या एका रेणूतून ऊर्जेचे, म्हणजे एटीपीचे, जेमतेम 2 रेणू काढतात. ऑक्सिजन वापरणारे तिसाच्या आसपास काढतात. एवढी ऊर्जा सोडून देऊन ते आम्ल साठवतात आणि त्या आंबटपणात इतरांची वाढ खुंटते. दह्याचंही तेच. ओट्यावरच्या कोरड्या भातात असं आम्ल तयार होईलच, याची हमी कुणी दिली?

भात उरला तर परातीत पसरा, वाफ गेली की उथळ डब्यात भरून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी खुशाल फोडणी द्या. रात्रभर बाहेर राहिलाच, तर जीव तुटला तरी टाकून द्या.