ऑईलचा लाल दिवा लागला म्हणून इंजिनात ९० नंबर ओतू नका

पेरणी तोंडावर आली अन् आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला. "ट्रॅक्टर गरम झाल्यावर ऑईलचा लाल दिवा (ऑईलचं प्रेशर कमी झाल्याचा) लागत असेल तर मिस्त्रीकडे पैसे घालू नका. चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्यात) १ लिटर ९० नंबर गिअर ऑईल टाका, रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागं वायसर टाका, प्रेशर येते. ऑईल काळं पडलं की लगेच बदला, बदलताना डिझेलनं धुवा, नवीन ऑईल खुणेच्या वर भरा." आमच्या गावात दोघांनी हे करून टाकलं, म्हणून लिहून राहिलो.

आधी ९० नंबरचं पाहू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथंच आहे. लोकांना वाटते ९० म्हणजे इंजिनच्या ४० नंबर ऑईलच्या दुपटीनं घट्ट. तसं नाही भाऊ, गिअर ऑईलच्या नंबराचं मापच वेगळं आहे, गरम झाल्यावर ९० नंबर गिअर ऑईल इंजिनच्या ४० नाहीतर ५० नंबरच्या आसपासच बसते. म्हणजे ज्या घट्टपणासाठी टाकलं तो काही फारसा मिळाला नाही, वरून त्यात गिअरच्या दातांसाठी गंधक-फॉस्फरसवाली केमिकलं असतात, ती इंजिनच्या उष्णतेत तांब्या-पितळेच्या बुशला खाऊ शकतात, अन् काजळी धरून ठेवणारा जो मसाला इंजिन ऑईलमध्ये असते तो गिअर ऑईलमध्ये नसतेच. मग काजळी खाली बसते, पंप ज्यातून ऑईल ओढते त्या जाळीत बसते, ऑईलच्या बारीक वाटांत बसते.

आणि समजा खरंच घट्ट ऑईल टाकलं अन् दिवा विझला, तरी काय झालं? प्रेशर म्हणजे ऑईलला पुढं सरकताना किती अडथळा होऊन राहिला त्याचं माप. ऑईल घट्ट केलं की आकडा वाढते, पण क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा ज्यावर फिरते त्या बेरिंगची झीज तेवढीच राहते, अन् डिसेंबरच्या सकाळी वर इंजिनचे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत ऑईल पोचायला उशीर होते तो वेगळाच.

वायसरची गोष्ट तर सरळ चुकीची आहे. रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे जास्तीचं ऑईल परत सोडणारं दार, ते उघडते केव्हा, तर प्रेशर ठरल्यापेक्षा जास्त झाल्यावर. तुमचा दिवा लागते स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, तेव्हा प्रेशर आधीच कमी असते म्हणजे व्हॉल्व्ह बंदच असते, मग बंद दाराला अजून एक कडी लावून काय फायदा? थंड इंजिनला रेस दिल्यावर मात्र प्रेशर नको तेवढं चढते अन् फिल्टरचं रबर दाबून ऑईल बाहेर फेकू शकते. हो, त्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडा राहिला असेल किंवा स्प्रिंग तुटली असेल तर प्रेशर खरंच पडते, पण त्याला तो खोलून साफ करा, स्प्रिंग बदला, वायसर नाही.

खरं म्हणजे दिवा लागला की पहिले ट्रॅक्टर बंद करायचा, वावरातच, घरापर्यंत आणायचा नाही. डिपस्टिक पाहा. लेव्हल बरोबर असेल तर इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, दिवा लागलाच पाहिजे. आता प्रेशर स्विचची वायर काढून मोकळी धरा, दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर वायर कुठंतरी बॉडीला टेकून राहिली, उंदरानं कुरतडली असेल, इंजिनचा काहीच दोष नाही. वायर चांगली निघाली तर स्विचच्या जागी काट्याचं गेज लावा, मॅन्युअलमधला आकडा पाहा. थंड असताना चांगलं अन् गरम झाल्यावर स्लोला पडते, तर बेरिंग घासलेले किंवा ऑईल पातळ झालेलं. थंड-गरम दोन्हीत कमी, तर जाळी, व्हॉल्व्ह, पंप, नाहीतर पंपाच्या पाईपातून हवा ओढली जाते.

मागच्या साली रोटाव्हेटर चालू असताना माझाच दिवा लागला. मिस्त्री पाहता पाहताच म्हणाला पंप गेला, क्रँकही पाहावा लागेल. गेज लावलं तर थंडलाही कमीच. चेंबर उतरवलं तर जाळीवर सिलिकॉनचे तुकडे बसलेले, आधी कोणीतरी चेंबर बसवताना पेस्टचा जाड थर दिला होता, तो आतल्या अंगाला निघून सुटला होता. जाळी धुतली, कागदी गॅस्केट टाकलं, प्रेशर परत आलं. त्या वेळी ९० नंबर टाकलं असतं तर अर्ध्या बंद जाळीतून ते थंड असताना अजूनच कमी ओढलं गेलं असतं अन् क्रँक खरंच जाऊ शकला असता.

काळ्या रंगाचं थोडक्यात. डिझेल इंजिनचं ऑईल काही तासांतच काळं होते, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बदलायचं ते तासांच्या मीटरवर, मॅन्युअलमध्ये जेवढे तास दिले तेवढ्यावर. भीती बाळगा दोन गोष्टींची: ऑईल दुधासारखं झालं म्हणजे पाणी शिरलं, अन् लेव्हल आपोआप वाढून डिझेलचा वास आला म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटला किंवा डिझेल पंपाचं सील गेलं, डिझेल चेंबरमध्ये उतरून राहिलं. लेव्हल वाढली म्हणून खूश होणारे लोक मी पाहिले, तेच जास्त धोक्यात असतात.

डिझेलनं धुऊन इंजिन चालवणं बंद करा. तेवढा वेळ बेरिंगवर ऑईलचा थर राहत नाही, सुटलेला गाळ जाळीत जाते, थोडं डिझेल आतच उरते अन् नव्या ऑईलला पातळ करते. अन् खुणेच्या वर भरलं तर क्रँक ऑईलला घुसळते, फेस होते, पंप तो फेस ओढते, म्हणजे प्रेशर वाढायचं सोडून पडते.

ज्यानं ९० नंबर टाकून घेतलं त्यानं गरम असतानाच सगळं काढा, फिल्टर नवीन टाका, मॅन्युअलमधलं १५-४० किंवा २०-४० जे असेल ते दोन खुणांच्या मधात भरा. सुरू करताना इंजिन बंद करायची नॉब ओढून धरा, म्हणजे इंजिन पेटणार नाही, अन् दिवा विझेपर्यंत थांबून थांबून स्टार्टर मारा, मगच नॉब सोडा. मेसेजवाला वायसर टाकला असेल तर त्याआधी तोही काढा.