डूलिटलला पुढे करून गरिबांना शिव्या घालणाऱ्यांसाठी

तो फॉरवर्ड आता आमच्या भाचीपर्यंत पोचलाय आणि ती तो कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये घालणार होती, म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं. त्यात म्हटलंय की बर्नार्ड शॉने ‘माय फेअर लेडी’त कचरा उचलणारा आल्फ्रेड डूलिटल दाखवून तेव्हाच सांगून ठेवलं, गरीब आळसामुळे गरीब राहतात, फुकट पैसा दिला की दारूत घालवतात, सगळ्या योजना बंद करा.

पहिलं म्हणजे शॉ 1950 ला गेला, ‘माय फेअर लेडी’ हे त्याच्या नाटकावरून केलेलं संगीत नाटक 1956 चं. शॉचं मूळ नाटक ‘पिग्मॅलियन’, आधी 1913 ला व्हिएन्नात जर्मनमधून झालं, मग 1914 ला लंडनला. असो.

आता मुख्य मुद्दा, ज्याने डोकं फिरलं. डूलिटलची फुलं विकणारी मुलगी एलायझा हिगिन्स नावाच्या भाषातज्ज्ञाकडे नीट बोलायला शिकायला राहते, आणि दुसऱ्या अंकात डूलिटल त्याच्याकडे मुलीच्या बदल्यात 5 पाउंड मागायला येतो. तुला काही नीतिमत्ता आहे की नाही, असं विचारल्यावर म्हणतो परवडत नाही साहेब, माझ्याइतके गरीब असता तर तुम्हालाही परवडली नसती. मग त्याचा हिशोब ऐका: एकाच नवऱ्याच्या मरणावर आठवड्यात सहा संस्थांकडून पैसे उचलणारी विधवा ‘लायक’ गरीब, आणि मी नालायक, पण मला काय भूक कमी लागते का? हा टोमणा कोणाला आहे? 1869 पासून लंडनात चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी घरोघरी चौकशा करून कोण मदतीच्या लायकीचा ते ठरवत होती, 1908 च्या पेन्शन कायद्यातसुद्धा सत्तरीच्या म्हाताऱ्याला आठवड्याला जास्तीत जास्त 5 शिलिंग, आणि त्यातही जन्मभर काम टाळत आलेल्याला नाही. शॉ या चाळणीला हसतोय आणि आपले लोक तीच चाळणी हातात घेऊन त्याला साक्षीला बोलावतायत! आणि दारूचं म्हणाल तर हिगिन्स 10 देऊ करतो, हा नको म्हणतो, दहा हातात आले की माणूस जपून वागायला लागतो आणि मजा जाते, पाचच द्या, सोमवारपर्यंत एक पेनी उरणार नाही, मग कामावर जावंच लागेल. फुकट पैशाने काम सुटतं हा तुमचा दावा त्यानेच तिथे खोडलाय. अंक उघडून वाचा की एकदा.

बाप म्हणून तो वाईट आहे, हे मान्य. मुलीला पट्ट्याने मारल्याचं स्वतःच सांगतो, तिच्या नावावर पैसे घेतो. पण एका बापाच्या वागण्यावरून अख्ख्या वर्गाचा निकाल लावायचा?

“पैसा आला आणि सुधारला” म्हणे. सुधारला नाही, अडकला. हिगिन्सने गंमतीत याला इंग्लंडातला सर्वात अस्सल नीतिवादी म्हणून एका अमेरिकन कोट्यधीशाला कळवलेलं, तो मरताना वर्षाला 3000 पाउंड ठेवून गेला, अट एकच, नीतीवर भाषणं द्यायची. आता 50 नातेवाईक उगवलेत, पूर्वी धड उभं राहता येत नसताना हॉस्पिटलमधून बाहेर काढणारे डॉक्टर आता दिवसातून दोनदा तपासायला हवं म्हणतात. नाकारायची हिंमत नाही कारण म्हातारपणी वर्कहाउसची, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या सरकारी आश्रयगृहाची भीती. हा विनोद गरिबांवर आहे का डॉक्टरांवर, तुम्हीच सांगा.

शेवटी “पुलंनीही ‘ती फुलराणी’त हेच सांगितलं”. ‘पिग्मॅलियन’वरूनच केलेलं 1975 चं ते नाटक मराठी माणसाला पाठ आहे. त्यातल्या फुलवाल्या मंजुळाचा बाप कुठल्या अंकात योजना बंद करा म्हणतो, तेवढं पान दाखवा.