पेट्रोडॉलरचा ‘५० वर्षांचा करार’ संपला? मुळात होता कुठे!

‘९ जून २०२४ रोजी सौदी अरेबिया-अमेरिका पेट्रोडॉलर करार संपला, आता डॉलर गडगडणार’ हा मेसेज अजून फिरतो आहे. तो खोटा आहे. पेट्रोडॉलर म्हणजे तेल विकून मिळणारे डॉलर; सौदीने आपलं तेल फक्त डॉलरमध्येच विकायचं असा ५० वर्षांचा करार होता, असा या मेसेजचा दावा आहे.

८ जून १९७४ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि सौदीचे राजपुत्र फहद यांनी वॉशिंग्टनमध्ये एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, हे खरं. पण त्यातून उभा राहिला तो आर्थिक सहकार्याचा संयुक्त आयोग. विषय काय, तर उद्योग, शेती, मनुष्यबळ प्रशिक्षण, शिवाय लष्करी सहकार्य. तेल फक्त डॉलरमध्येच विकायचं, असं बंधन त्यात नव्हतं. ५० वर्षांची मुदत तर नव्हतीच. त्याच वर्षी सौदीने तेलाचा पैसा अमेरिकी सरकारी रोख्यांत घालण्याची वेगळी व्यवस्था झाली. ती मात्र २०१६पर्यंत गुलदस्त्यात होती, म्हणून अफवेला खतपाणी मिळालं असावं.

सौदी डॉलरला धरून आहे तो सोयीपोटी. १९८६पासून एका डॉलरला ३.७५ रियाल हा दर बांधलेला आहे. चीनला युआनमध्ये तेल विकण्याची चर्चा होते, ती खरीच. पण त्यासाठी कुठल्या कराराची मुदत संपायची वाट बघावी लागत नाही.